दगडाची साक्ष

१९७२ च्या दुष्काळात माझी आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. ते दिवस मी पाहिलेले नाहीत, ऐकलेले आहेत. दगडाला शीर असते. शीर सापडली की दगड दोन घावांत मोकळा होतो, नाही सापडली तर दिवस जातो आणि माप भरत नाही. हे तिचे दगडाविषयीचे शास्त्र. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. भूशास्त्र हा विषय घेतला तेव्हा तिने विचारले होते, "दगडाचं काय शिकायचं असतं गं?" मी म्हणाले, "दगड कधी झाला, कसा झाला, ते." त्यावर ती म्हणाली, "मग हा आपला काळा दगड कधीचा?" मी पाठ केलेले उत्तर दिले : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ती जरा थांबली आणि म्हणाली, "आणि त्याच्या आधी काय होतं?"

आज मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवते. तोच प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी वेगळ्या शब्दांत विचारतो. त्याचे होईल तितके सरळ उत्तर द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिली अडचण अशी की पृथ्वीला स्वतःचे बालपण आठवत नाही. येथील दगड वितळतात, झिजतात, पुन्हा घडतात. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात झिरकॉन नावाच्या खनिजाचे काही बारीक कण सापडले आहेत. त्यांचे वय सुमारे ४४० कोटी वर्षे भरते. पृथ्वीवर घडलेले याहून फारसे जुने काही हाती लागलेले नाही. त्याआधीचे पान वाचायचे तर पृथ्वीबाहेरचा दगड हवा. तो आपणहून आपल्या दारात येऊन पडतो. आकाशात क्षणभर पेटून दिसते ती उल्का. तिच्यातला जो भाग न जळता जमिनीवर पोचतो त्याला अशनी म्हणतात. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणारे जे लहान लहान पिंड आहेत, त्यांचे तुटलेले तुकडे म्हणजे बहुतेक अशनी.

पण दगड आकाशातून पडतो, हेच विद्वानांना दीर्घकाळ मान्य नव्हते. ही हकीकत आधी सांगितली पाहिजे. साक्ष कोणाची आणि ती तपासायची कशी, हा प्रश्न या विषयाच्या उंबरठ्यावरच उभा आहे.

१७६८ च्या सप्टेंबरात फ्रान्समधील ल्युसे या गावाजवळ शेतात राबणाऱ्या लोकांनी गडगडाट ऐकला आणि एक दगड खाली येताना पाहिला. ते जवळ गेले तेव्हा तो तापलेला होता. दगड पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे गेला. अकादमीने तिघांची समिती नेमली. तिच्यात लाव्हाझिए हा पुढे आधुनिक रसायनशास्त्राचा जनक म्हणून गौरवला गेलेला तरुण होता. समितीने दगडाचे रासायनिक पृथक्करण केले आणि १७७२ मध्ये निर्वाळा दिला की हा दगड आकाशातून पडलेला नाही. तो जमिनीतलाच गंधकयुक्त दगड असून त्याच्यावर वीज पडली असावी. समितीने दगड तपासला हे तिच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. शंका घेणे हे शास्त्रज्ञाचे कामच आहे. पण ज्यांनी तो पडताना पाहिला त्यांच्या शब्दाला पुरावा म्हणून किंमत मिळाली नाही. अडाणी माणसे, विजेला घाबरली असतील, भ्रम झाला असेल, असे धरून चालले गेले.

पुढे १७९४ मध्ये क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने वेगळी वाट धरली. त्याचे शिक्षण कायद्याचे झालेले होते. निरनिराळ्या देशांतील आणि काळांतील हकीकती त्याने न्यायालयात साक्षी ताडून पाहाव्यात तशा एकमेकींशी ताडून पाहिल्या. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे तेच तेच सांगत होती. त्यावरून त्याने अनुमान काढले की हे दगड पृथ्वीबाहेरून येतात. त्याची थट्टाच जास्त झाली. मग २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेगल या गावाच्या परिसरात भरदिवसा दोन-तीन हजार दगडांचा वर्षाव झाला. सरकारने बियो या तरुण शास्त्रज्ञास चौकशीस पाठवले. तो गावोगाव फिरला. निरनिराळ्या धंद्यांच्या आणि थरांच्या लोकांना त्याने विचारले, दगड कोठे कोठे पडले याचा नकाशा केला आणि त्या दगडांसारखा दगड त्या भागात मुळात नाही, हेही पाहिले. त्याच्या अहवालानंतर वाद मिटला. शेतातल्या माणसांनी १७६८ मध्ये जे सांगितले होते ते खरे होते. ते मान्य व्हायला पस्तीस वर्षे लागली आणि एका शास्त्रज्ञाला गावात जावे लागले.

आता प्रत्यक्ष दगडाकडे वळू. दगड पडला हे सिद्ध झाले तरी तो घडला कसा, हे सांगायला कोणी साक्षीदार नाही. तेथे दगडालाच बोलते करावे लागते. ही युक्ती प्रथम साधली हेन्री सॉर्बी या इंग्रज संशोधकाने. दगडाचा काप घासून घासून इतका पातळ करायचा की त्यातून उजेड आरपार जावा आणि मग तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. अशनींचे असे काप पाहून सॉर्बीने १८७७ मध्ये लिहिले की यातील गोल कण हे एकेकाळी आगीच्या पावसाचे थेंब असावेत. त्या कणांना काँड्र्यूल म्हणतात. ज्या अशनीत ते असतात तो काँड्राइट. बुंदीचा लाडू फोडल्यावर आत जसे दिसते तसा हा दगड आतून दिसतो : गोल गोल कण, आणि त्यांना धरून ठेवणारा बारीक चुरा. फक्त येथील बुंदी मोहरीएवढी, खसखशीएवढी, क्वचित ज्वारीच्या दाण्याएवढी असते.

कण वितळून गोठला, हे स्फटिकावरून कसे कळते? ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना हे समजणे अवघड नाही. उसाचा रस तोच. गुळव्या काहिलीतला पाक वाफ्यात ओतून घोटतो, तो लवकर थंड होतो आणि गुळाचा कण बारीक पडतो. काकवी मात्र न हलवता महिनोन्‌महिने ठेवली तर तळाशी साखरेचे खडे धरतात. खडीसाखर करतानाही पाक दिवसचे दिवस न हलवता ठेवतात. स्फटिक म्हणजे अणूंची शिस्तबद्ध रचना. अणूंना आपापल्या जागी बसायला सवड मिळाली तर स्फटिक मोठा होतो; घाई झाली तर बारीक राहतो; फारच घाई झाली तर रचना होतच नाही, काच बनते. आपला काळा दगड, म्हणजे बसाल्ट, बारीक कणांचा असतो कारण लाव्हा उघड्यावर येऊन लवकर थंड झाला. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात हळूहळू थंड होतो, म्हणून त्याचे कण नुसत्या डोळ्यांना दिसतात. स्फटिकाचा आकार म्हणजे थंड होण्याच्या वेगाची नोंद होय. ती नोंद कोणी मागाहून खाडाखोड करून बदलू शकत नाही. बदलली तरी बदलल्याची खूण राहते.

हे ध्यानात ठेवून सुरुवातीकडे जाऊ. सूर्याच्या जन्माच्या वेळी त्याच्याभोवती वायू आणि धूळ यांची एक प्रचंड फिरती चकती होती. तिच्यात बहुतेक हायड्रोजन आणि हेलियम. धूळ अगदी थोडी. सूर्याजवळच्या भागात उष्णता इतकी होती की धुळीचीही वाफ झाली. हा वायू निवू लागला तेव्हा त्यातून पदार्थ एका ठराविक क्रमाने घनरूपात आले. दाब फार कमी असल्यामुळे ते बहुधा द्रव न होता वायूतून थेट स्फटिक झाले. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात भिंतीला पांढरे हिम धरते, तोच प्रकार.

हा क्रम कोणता असावा याचे सविस्तर गणित लॉरेन्स ग्रॉसमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडले. सर्वांत आधी, १४०० ते १५०० अंश सेल्सियसच्या आसपास, येतो कुरुंद. होय, आपल्याकडे धार लावायला ज्याचा दगड वापरतात तोच कुरुंद. अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा स्फटिक. इंग्रजीतील त्याचे नावही भारतीय भाषांतूनच गेलेले आहे. त्यामागोमाग कॅल्शियम, अॅल्युमिनियम आणि टायटॅनियम यांची इतर खनिजे. तापमान आणखी दोन-तीनशे अंशांनी उतरले की लोखंड-निकेलचा धातू आणि ऑलिव्हिन हे हिरवट खनिज. मग पायरॉक्सीन, फेल्डस्पार. पुष्कळ खाली, चारशे अंशांच्या सुमारास, गंधक लोखंडाला धरते. पाण्याचे बर्फ सर्वांच्या शेवटी आणि तेही सूर्यापासून दूर.

गणित कागदावर होते. त्याचा पुरावा मेक्सिकोत पडलेला होता. ८ फेब्रुवारी १९६९ च्या मध्यरात्रीनंतर चिहुआहुआ राज्यातील पुएब्लितो दे आयेंदे या खेड्याच्या भागात आगीचा गोळा फुटला आणि मैलोगणती दगड विखुरले. एकंदर दोन टनांहून अधिक दगड गोळा झाले. गोळा करणाऱ्यांत तेथील गावकरी आणि शाळकरी मुले होती. तो योगही चांगला जुळला. त्याच वर्षी जुलैत माणूस चंद्रावरून दगड आणणार होता आणि त्यासाठी उत्तम उपकरणांच्या प्रयोगशाळा सज्ज झालेल्या होत्या. त्यांच्या हाती चंद्राच्या आधी आयेंदेचा अशनी आला. त्याच्या काळसर अंगात पांढरे, वेडेवाकडे ठिपके होते. काही सेंटीमीटरभर मोठे. त्यांत ग्रॉसमनच्या यादीतली पहिली खनिजे भरलेली होती. त्यांना कॅल्शियम-अॅल्युमिनियमयुक्त कण म्हणतात; आपण त्यांना पांढरे कण म्हणू. यांतले काही वायूतून घन झाले तसेच राहिले, काही पुन्हा वितळून गोठले.

त्यांचे वय शिशावरून काढतात. युरेनियमचे दोन प्रकार असतात. दोन्ही आपापल्या ठरलेल्या वेगाने झडत शेवटी शिसे होतात, पण ते शिसे दोन वेगळ्या वजनांचे असते. स्फटिकातल्या या दोन शिशांचे प्रमाण मोजले की तो कधी घडला ते निघते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार पांढऱ्या कणांचे वय ४५६ कोटी ७३ लाख वर्षे आहे आणि चूक धरली तरी ती दोन लाख वर्षांच्या आत आहे. आपल्या सूर्यमालेत घडलेले आणि वय मोजता आलेले याहून जुने घन पदार्थ नाहीत. म्हणून सूर्यमालेचे वय म्हणून हाच आकडा धरतात.

यानंतरची पिढी काँड्र्यूलांची. पांढरे कण पहिल्या उष्णतेची खूण, तर काँड्र्यूल नंतरच्या वणव्याची. धुळीचे गोळे १५०० अंशांहून अधिक तापले, वितळून थेंब झाले आणि अधांतरीच गोठले. त्यांतल्या ऑलिव्हिन आणि पायरॉक्सीनच्या स्फटिकांची ठेवण प्रयोगशाळेत पुन्हा घडवून पाहता येते : तशीच भुकटी वितळवायची आणि निरनिराळ्या वेगांनी थंड करायची. त्यावरून दिसते की हे थेंब तासाला दहा अंशांपासून हजार अंशांपर्यंतच्या वेगाने थंड झाले. आता येथे विचार करण्यासारखी गोष्ट आहे. उघड्या पोकळीत एकटा थेंब असता तर तो काही सेकंदांत गोठून काच झाला असता. स्फटिक वाढायला तास मिळाले, याचा अर्थ थेंब एकटा नव्हता. त्याच्याभोवती तापलेला वायू आणि त्याच्यासारखेच असंख्य थेंब होते. एकमेकांच्या उष्णतेने ते हळू निवले. एवढ्याशा कणावरून त्याच्या भोवतालची स्थिती कळते ती अशी.

ही उष्णता आली कोठून? एक मत असे की वायूतून जाणाऱ्या धक्कालहरींनी धूळ तापली. दुसरे असे की लहान पिंडांच्या टकरींतून वितळलेला रस उडाला. विजेचाही विचार झालेला आहे. कदाचित सर्व काँड्र्यूल एकाच रीतीने झालेलेही नसतील.

त्यांचा काळ सांगणारे दुसरे घड्याळ अॅल्युमिनियमचे. अॅल्युमिनियमचा २६ वजनाचा एक किरणोत्सारी प्रकार असतो. तो दर सात लाख वर्षांनी निम्मा होत जातो आणि त्याचे मॅग्नेशियम बनते. आज तो मूळचा साठा उरलेला नाही, पण त्याची राख उरली आहे. जेथे अॅल्युमिनियम पुष्कळ आणि मॅग्नेशियम जवळजवळ नाही अशा स्फटिकात २६ वजनाचे मॅग्नेशियम वाजवीपेक्षा जास्त सापडले, आणि तेही अॅल्युमिनियमच्या प्रमाणात, तर तो स्फटिक झाला तेव्हा तेथे हे किरणोत्सारी अॅल्युमिनियम जिवंत होते असे सिद्ध होते. १९७६ मध्ये ली, पापानास्तासिऊ आणि वासरबर्ग यांनी आयेंदेच्या पांढऱ्या कणात हेच दाखवून दिले. पांढऱ्या कणांत एक लाख साध्या अॅल्युमिनियम अणूंमागे असे पाच अणू होते. काँड्र्यूलांत ते बहुधा एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी भरतात. पाचाचे अडीच, अडीचाचे सव्वा : दोन वेळा निम्मे होऊन थोडे अधिक. म्हणजे काँड्र्यूल पांढऱ्या कणांनंतर सुमारे पंधरा लाख ते तीस लाख वर्षांनी झाले. शिशाच्या घड्याळाने मात्र काही काँड्र्यूल पांढऱ्या कणांइतकेच जुने ठरतात. दोन घड्याळांतला हा तंटा अद्याप चालू आहे, आणि तो मोजमापांनीच सुटेल.

याच अॅल्युमिनियमने आणखी एक काम केले. ते झडताना उष्णता देते. जे पिंड लवकर जमले त्यांच्या पोटात ते भरपूर कोंडले गेले; ते पिंड वितळले, लोखंड तळाशी गेले, आणि आतल्या स्फटिकांची जुनी नोंद पुसली गेली. जे उशिरा जमले ते फार तापले नाहीत. काँड्राइट हे त्या उशिरा आलेल्यांचे वंशज. पहिले येण्याचा मान ज्यांना मिळाला त्यांनी आपली हकीकत गमावली, आणि मागून आलेल्यांनी सर्वांची सांभाळून ठेवली.

हा फरक पाहायला मेक्सिकोला जायला नको. २८ जानेवारी १९७६ च्या रात्री गुजरातेत सुरेंद्रनगर जिल्ह्यातील धजाला गावाच्या परिसरात अशनी पडला; सुमारे ४५ किलो दगड मिळाले, आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी त्यांचा कसून अभ्यास केला. धजालाच्या दगडात काँड्र्यूल स्पष्ट ओळखू येतात. तो मूळ पिंडात फारसा तापला नाही. दुसरे उदाहरण आपल्या विदर्भातले. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे दगड पडले. काटोलचा अशनी मूळ पिंडात पुष्कळ तापलेला आहे. त्याचे काँड्र्यूल विरघळल्यासारखे, कडा पुसलेले दिसतात. लाडू ऊन लागून दाबला जावा तसे. पण त्याच्यावर आणखी एक नोंद आहे. एका टकरीत त्याच्यातून काळ्या शिरा गेल्या, आणि त्या शिरांत ब्रिजमनाइट हे खनिज मिळाल्याचे भारतीय संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या पोटात साडेसहाशे किलोमीटरांहून खाली हेच खनिज सर्वांत जास्त आहे, पण तेथून ते कोणी काढून आणू शकत नाही. ते काटोलच्या शिवारात पडलेल्या दगडात मिळाले.

आणि शेवटची साक्ष धूमकेतूची. वाइल्ड २ या धूमकेतूची धूळ घेऊन स्टारडस्ट हे यान जानेवारी २००६ मध्ये परतले. धूमकेतू म्हणजे बर्फाळ टोकाची वस्तू, तेथे उष्णतेची खूण नसणार असा समज होता. धुळीत निघाले ते ऑलिव्हिनचे स्फटिक, पांढऱ्या कणांचे आणि काँड्र्यूलांचे तुकडे. म्हणजे आगीजवळ घडलेले कण पार बर्फापर्यंत पोचलेले होते. चकतीत जवळचे आणि दूरचे, तापलेले आणि गोठलेले असे सारे मिसळत होते. वेगळी राखलेली शुद्ध अशी जागा तिच्यात नव्हती. त्याच मिसळीतून पृथ्वी झाली, आमच्या गावचा काळा दगड झाला, आणि तो फोडणारे हातही.

आजी आता नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर आज मी असे देईन : आपल्या दगडाच्या आधी पृथ्वी, पृथ्वीच्या आधी काँड्र्यूल, त्यांच्या आधी कुरुंदासारखे पांढरे कण, आणि त्यांच्या आधी वाफ. "हे कोणी पाहिलं?" असे तिने नक्कीच विचारले असते. पाहिले कोणी नाही. पण जे सांगितले जाते ते काप करून, मोजून, पुन्हा तपासता येते. तपासणारा कोणत्या घरचा, हे दगड विचारत नाही.

शिक्षक आणि कार्यकर्ते हे वाचतील म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबते. आपल्या गावी कधी दगड पडला, तर त्याला धुऊ नये, फोडू नये, शेंदूर फासून देव करू नये. कोरड्या स्वच्छ कागदात गुंडाळून ठेवावा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणास कळवावे. नागपुरास त्यांचे कार्यालय आहे. आणि दगडाइतकेच महत्त्वाचे म्हणजे ज्यांनी तो पाहिला त्यांच्याकडे त्याच दिवशी वही घेऊन जावे. वेळ कोणती, उजेड कोणत्या दिशेने आला, आवाज किती झाले, दगड कोठे पडला, हे त्यांच्याच शब्दांत लिहावे. शेतात खुरपणारी बाई असो की गुरे राखणारे पोर, तिचे किंवा त्याचे नाव त्या कागदावर सर्वांत वर असावे.